एक्स्पोसितोरावांचं गोत्र

अहो,

परवापासून घरात काय काय आलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. स्पेनहून व्याह्यांनी आणलेला ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा. किंमत विचारायची नसते म्हणून विचारली नाही, पण बुडाला चिठ्ठी राहून गेली होती, अडतीस युरो. बदामाच्या वड्या दोन खोकी, भेट. विहीणबाईंनी हाताने विणलेली लेस, तिला मोल नाही. आणि पुण्याहून भाऊने पाठवलेल्या मुंडावळ्या, हळकुंडं, अक्षता, अंतरपाट. माल साडेनऊशे रुपयांचा आणि पाठवणावळ चार हजार दोनशे! अंतरपाटाला इथली एखादी कोरी चादर चालली असती, पण भावाला कोण सांगणार?

सगळं ओट्याखालच्या प्रेसमध्ये ठेवलं. इथे आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात. देवसुद्धा प्रेसमध्येच आहेत, वरच्या. दार उघडलं की दर्शन, लावलं की शेजघर.

आता पत्राचं कारण. ऋतुजाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं होत आली, मी इथे लेकीजवळ आले, आणि एकदाही तुम्हाला लिहिलं नाही. रोज दिवा लावताना बोलते तेवढं पुरतं. पण परवा गुरुजींचा फोन आला. हे गुरुजी म्हणजे आपल्या ऋतुजाच्याच वयाचा मुलगा, आठवडाभर कंप्यूटर आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. उच्चार मात्र स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही.

म्हणाला, "काकू, वधूचं गोत्र तुम्ही काश्यप दिलंय. वराला गोत्र नाही. ज्याचं ठाऊक नाही त्याला आम्ही काश्यपच लावतो, कारण कश्यप सगळ्यांचा बाप. पण मग दोघं सगोत्र होतात. तुमच्याकडचं पिढीजात काश्यप आहे ना? का..."

एवढं बोलून थांबला. त्या 'का'च्या पुढे काय येतं ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"पिढीजात असेल तर काहीच प्रश्न नाही, वराला दुसरं देऊ. लावलेलं असेल तर तुमच्या माहेरचं धरू, कन्यादान मामाच करतायत. माझं काही म्हणणं नाही, काकू. फक्त संकल्पात खोटं नको. रविवारी पत्रिका छापायला जातेय, तोपर्यंत सांगा."

आणि मी म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते."

अहो, तोंडातून निघूनच गेलं! जन्मभराची सवय. आणि तेही कोणाला! त्याने गेल्या वर्षी इथे तुमचं वर्षश्राद्ध केलंय! मी "हो, हो, कळवते," म्हणून फोन ठेवला. पण देवाधर्माच्या माणसाला शब्द गेलाय. तेव्हा विचारते.

ऋतुजाला सांगू का?

तुम्ही देवळाच्या पायरीवर सापडलात, आडनाव आश्रमातल्या व्यवस्थापकांनी दिलं, देऊळ म्हणून देवळेकर, आणि देवळे नावाचं आपलं गाव कधी नव्हतंच, हे सांगू का तिला? तुम्ही मला नको म्हणाला होतात. मी पाळलं. पण आता गाठ जावयाच्या आडनावाशी पडली आहे, आणि ते आडनाव काही मला गप्प बसू देत नाही. तेच सविस्तर लिहिते.

जावयाचं नाव आल्वारो. मी त्याला अलवार म्हणते, आणि आहेही तसाच. ऋतुजाच्याच ऑफिसात आहे, सँडीफोर्डला. चपला दाराबाहेर काढतो, वाढलेलं सगळं संपवतो. पूर्ण नाव आल्वारो एक्स्पोसितो मोलिना. ते मी आपल्या रीतीने वाचलं. पहिलं स्वतःचं, मधलं वडिलांचं, शेवटचं आडनाव. मग पत्रिकेचा कच्चा मजकूर केला: 'श्री. एक्स्पोसितोराव मोलिना यांचे सुपुत्र'. भाऊला पाठवला. त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. भाऊचा निरोप आला, "व्याह्यांचं नाव भारदस्त आहे, घराणं जुनं दिसतंय."

व्याही-विहीण परवा आले. बॉल्सब्रिजला हॉटेलात उतरलेत. लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, आपल्याकडे जेवायला आले, वाऱ्याने छत्री उलटी झालेली. मी दारात ओवाळलं आणि म्हटलं, "या एक्स्पोसितोराव, या!"

ते मागे वळून बघायला लागले, आणखी कोणी आलंय की काय म्हणून.

"आई, त्यांचं नाव रामोन आहे!"

"मग एक्स्पोसितो कोण?"

"ते आडनाव गं."

"आडनाव मोलिना ना?"

"ते अलवारच्या आईचं. आधी बाबांचं आडनाव, मग आईचं. दोन्ही लावतात. तू त्याच्या आईला तिच्या स्वतःच्याच वडिलांची सून करून टाकलंस!"

म्हणजे काय झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, पण सगळे इतके हसले की विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पिलार त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून मोलिनाच. तिकडे बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. मोलिना म्हणजे म्हणे गिरणी. म्हटलं, म्हणजे तुम्ही गिरणीकर!

तेव्हा मला आपलं लग्न आठवलं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं होतं. माझी आत्या म्हणत होती, मुलाकडचं कोणी नाही, नाव सुचवणार कोण? तुम्ही खाली बसलात आणि लिहिलंत, सुमन. "हेच तर आहे तिचं," आत्या म्हणाली. तुम्ही म्हणालात, "एकदा मिळालेलं नाव कुणाचं काढून घेऊ नये." सगळ्यांना वाटलं मुलगा सुधारक आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं.

जेवताना मी विचारलं, मोलिना गिरणी, तर एक्स्पोसितो काय?

रामोन, मी त्यांना मनात रामभाऊ म्हणते, त्यांनी घास खाली ठेवला. इंग्रजी त्यांचंही माझ्याइतकंच. अलवार मध्ये सांगत गेला. जुन्या काळी तिकडे गरीब बायका, लग्नाआधी मूल झालेल्या बायका, तान्हं मूल चर्चच्या नाहीतर मठाच्या दाराशी आणून ठेवत. भिंतीत लाकडी फिरता पाळणा असे. बाहेरून मूल ठेवायचं, पाळणा फिरवायचा, घंटा वाजवायची, आणि आतली बाई उचलून घ्यायची. तोंड दिसत नसे कोणाचं कोणाला. मग बाप्तिस्म्याला त्याला आडनाव लागे. कोणाला देवाचं, कोणाला क्रुसाचं, कोणाला चर्चचं, आणि पुष्कळांना एक्स्पोसितो. जुन्या लॅटिनमधला शब्द. रामभाऊंचे आजोबा त्या पाळण्यातून आत आलेले.

ऋतुजा मला मराठीत समजावत होती. म्हणाली, "म्हणजे बाहेर टाकलेला."

तर अलवार काय म्हणाला माहीत आहे? "नो, नो. टाकलेला नाही. ठेवलेला." आणि मग माझ्याकडे बघून, त्याच्या त्या मराठीत: "कचरा टाक. किल्ली ठेव. आई रोज सांगते. बाळ ठेवला."

त्याला मराठी येतं ते माझ्या स्वयंपाकघरातलं. इथे ठेव, तिथे टाक, झाकण लाव. त्या तेवढ्या शिदोरीवर त्याने आपल्या पणजोबांच्या आईची बाजू मांडली! माझ्या हातात वरणाची वाटी होती, ती तशीच राहिली.

तिकडे कायदाही झाला होता म्हणे. हे आडनाव लावणाऱ्याला लोक टोचून बोलत, म्हणून ज्याला हवं त्याने बदलून घ्यावं, सरकार एक पैसा घेणार नाही. मी विचारलं, "फुकट होतं, तरी आजोबांनी बदललं नाही?" रामभाऊ म्हणाले, सासरा स्वतःचं आडनाव द्यायला तयार होता, जमिनीसकट. आजोबा म्हणाले, माझी आई कधी विचारत आली तर कोणत्या नावाने विचारील?

मग रामभाऊंनी मला विचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?"

अहो, मला! सरळ मला. मी तोंड उघडलं, काय म्हणणार होते देव जाणे, पण तेवढ्यात ऋतुजाच म्हणाली. कौतुकाने म्हणाली. "ते आमचं गाव आहे. धरणात बुडालं. देऊळ, चिंच, सोनारांची गल्ली, सगळं पाण्याखाली. माझ्या बाबांनी ते पाहिलं होतं, मी नाही पाहिलं."

रामभाऊंनी मान खाली घातली आणि छातीवर क्रूस केला. मग विहीणबाईंनी केला. अलवारनेही.

सांगा तुम्हीच, मी कुठे बघायचं? तीन माणसं माझ्या ताटावर बसून कधी नसलेल्या गावासाठी देवाची करुणा भाकत होती. आपण खोटं बोललो ते शाळेतल्या मास्तरांशी, शेजाऱ्यांशी, फार तर पाहुण्यांशी. देवाशी कधी नव्हतो बोललो!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी अलवार सांगत आला, बाबा सकाळी चर्चमध्ये गेले होते, पेटीत पैसे टाकून एक मेणबत्ती लावली. देवळ्यासाठी.

मला ते धरण पहिल्यांदा आलं तो दिवस आठवतो. तुम्ही शाळेत क्लार्क, नवीन मुख्याध्यापक आलेले. त्यांनी विचारलं, देवळेकर म्हणजे कोकणातले का? तुम्ही म्हणालात, नाही, आमचं गाव धरणात गेलं. घरी येऊन मला म्हणालात, "काहीतरी बोलायला हवं होतं." आपल्या साताऱ्याकडे धरणात गेलेल्या गावांचा तोटा नाही, कोणी खोदून विचारलं नाही. ते धरण मोठं सोयीचं ठरलं. पण मग ऋतुजा चौथीत गेली आणि 'माझे गाव' निबंध आला.

तिथे मात्र तुम्ही सोय पाहिली नाही. किती मन लावून बांधलंत ते गाव! चिंचेला झोपाळा होता. सोनारगल्लीत एक तोतरा पोपट होता. वेशीवरच्या कुत्र्याचं नाव होतं मामलेदार, कारण तो नुसता बसून असायचा. पोर खुदुखुदु हसायची. पाणी चढायला लागलं तेव्हा मामलेदार कुठे गेला, तिने विचारलं, तर तुम्ही त्यालाही बैलगाडीत बसवून वर आणलंत. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. मनात म्हणत होते, ज्या माणसाला स्वतःला एक चुलता नाही, त्याने लेकीला अख्खा गाव दिला!

आता हीच पोर म्हणते, लग्न झालं की सुट्टी काढून दोघं भारतात येणार. अलवारला धरण दाखवणार. पाण्यात नारळ सोडणार. "आई, नक्की कोणतं गं? कोयना की धोम? मला नकाशावर देवळे सापडतं ते कोकणातलं आहे, आणि ते चांगलं कोरडं आहे." परवापासून तीनदा विचारलं. मी म्हणते, भाजी करपतेय. भाजी किती दिवस करपणार?

तुमच्यावर रागही येतो, सांगून टाकते. सगळा भार माझ्यावर ठेवून गेलात. आजारपणात तरी तिला जवळ बसवून सांगायचं होतंत. ती आली होती की नाही सुट्टी काढून? तुम्ही तिला मामलेदाराचीच गोष्ट सांगितलीत, नळ्या लावलेल्या असताना!

आणि देवळात यायचात ते? मी आत जायची, तुम्ही बाहेर पायरीवर, चपला सांभाळत. ऋतुजा अजून सगळ्यांना सांगते, माझे बाबा नास्तिक होते. मी एकदा म्हटलं होतं, अहो, आत तरी या. तुम्ही म्हणालात, "माझी जागा इथेच आहे. इथवर आणून सोडलं, आत कोणी नेलं नाही." मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

लग्न ठरण्याआधी आमच्या ओसरीवर तुम्ही मला जे सांगितलंत ते शब्दाशब्दाने लक्षात आहे. "मला टाकलेलं होतं. हे ठाऊक असून हो म्हणायचं असेल तर म्हणा." मग म्हणालात, "मुलं झाली तर त्यांना सांगायचं नाही. त्यांच्या मागे कोणीतरी आहे असं त्यांना वाटावं." मी हो म्हटलं. दोन्हीला.

पण त्याच दिवशी तुम्ही आणखी एक सांगितलं होतंत. व्यवस्थापकांनी तुम्हाला सांगितलेलं. पहाटे पाऊस होऊन गेला होता. खालच्या पायऱ्या ओल्या होत्या. तुम्ही सापडलात ते अगदी वर, पत्र्याखाली, कोरड्या जागी. खाली लुगड्याची चौघडी घातलेली. काकडआरतीची घंटा वाजायच्या थोडं आधी.

अहो, हे तुम्ही जन्मभर सांगितलंत आणि ऐकलं नाहीत का? मीही नाही ऐकलं. टाकणारी बाई कोरडी जागा शोधते का? घडी घालते का? माणसं येण्याची वेळ साधते का? एका परदेशी पोराला माझ्या ओट्याजवळ राहून दोन शब्द आले, त्याने मला हे शिकवलं. तुम्हाला टाकलेलं नव्हतं. ठेवलेलं होतं. देवाच्या दारात, जपून, उचललं जाईल अशा ठिकाणी. तुम्हाला कोणी आत नेलं नाही म्हणता, पण ज्या बाईला स्वतःलाच आत जाता आलं नसेल, तिने वरच्या पायरीपर्यंत आणलं. तिला तेवढंच जमलं असेल.

हे तुम्ही असताना कळायला हवं होतं. याच एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं.

रामभाऊंची ती मेणबत्ती मी त्या बाईच्या नावे धरली आहे. देवाला तसं सांगितलं. नसलेल्या गावासाठी ती वाया का जाऊ द्यायची? तिला कोणी कधी दिवा लावला असेल असं वाटत नाही. नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही. श्राद्धाला ज्यांची नावं ठाऊक नसतात त्यांनाही आपण तीळपाणी देतोच की.

तर माझं म्हणणं असं आहे. ऋतुजा सोनं आहे, पण परवा तिने गुरुजींचा निरोप ऐकला आणि हसत अलवारला म्हणाली, "आमचं काश्यप ओरिजिनल, तुझं डुप्लिकेट." तो बिचारा इथल्या लोकांसारखं "ग्रँड" म्हणाला, म्हणजे छान, चालेल. वाईट हेतू नव्हता, थट्टाच होती. पण उद्या त्याच्या घरी, ज्या माणसांनी आपलं पाळण्यातलं नाव उजळ माथ्याने लावलं, त्यांच्यात ही बुडालेल्या गावाची खानदानी लेक म्हणून बसेल. आणि कधीतरी, मी गेल्यावर, कुणा नातेवाइकाच्या तोंडून तिला कळेल. तेव्हा ती कोणाला विचारील? मी नसेन, तुम्ही तर नाहीच. तेव्हा तिला वाटेल, बाबांना लाज वाटत होती. माझ्याकडून ऐकलं तर लाजेच्या जागी मी तिला दुसरं काहीतरी सांगू शकेन.

गुरुजींना मी लिहिणार आहे, काश्यप लावलेलं आहे, पिढीजात नव्हे. ते अलवारला द्या. माझ्या लेकीला माझ्या माहेरचं भारद्वाज धरा. तिकडे नाहीतरी आईचं नाव मागून चालत येतंच! पत्रिकेत गाव घालणार नाही. वधूपिता म्हणून तुमचं नाव मात्र आश्रमाने दिलं तसं, पूर्ण, ठळक अक्षरात.

एक वचन देते. ऋतुजाला खरं सांगेन, पण तिचं गाव काढून घेणार नाही. झोपाळा, पोपट, मामलेदार, यातली एक कवडीही कमी करणार नाही. सांगेन, बाबांच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी तुझ्या मागे एक गाव उभं केलं, स्वतःच्या हाताने. आणि नारळ सोडायचाच असेल तर मी तिला तुमच्या त्या देवळात घेऊन जाईन. अलवारलाही. आम्ही तिघं वरच्या पायरीवर ठेवू. टाकणार नाही.

रविवार जवळ आला आहे. मी शनिवारी संध्याकाळी, ती दोघं जेवायला आली की, बोलायचं ठरवलं आहे. तुमची रीत मला चांगली ठाऊक आहे. हो असलं की तुम्ही गप्प बसायचात, नाही म्हणायचं असलं तरच बोलायचात. तेव्हा नाही असेल, तर तेवढं उलट टपाली कळवावं.

तुमची,
सुमन